भिंगरीच्या चौदा रात्री आणि एक

आठ वर्षांची असताना तिने दाराआडून एक भांडण ऐकलं. आई आणि मामी स्वयंपाकघरात होत्या, दार लोटलेलं, आवाज दाबलेले. दाबलेला आवाज पोरांना जास्त ऐकू येतो, हे मोठ्यांना अजून कळलेलं नाही.

"मी हिला कुठे ठेवू, तूच सांग," आई म्हणत होती. "कामावर राहायलाच ये म्हणतात. पोरीसकट नको म्हणतात."

"माझी चार आहेत, वन्सं. पाचवी कुठे ठेवू, डोक्यावर?"

"थोरलीकडे ठेवली असती, पण तिचा नवरा..."

"थोरलीकडे ठेव, धाकटीकडे ठेव. पोर आहे की ट्रंक आहे?"

एक पातेलं जोरात आपटलं गेलं. आणि मामीचा आवाज आला, "बरं बाई. ठेवते. शाळा सुटेपर्यंत ठेवते, पुढचं पुढे."

दाराआडच्या पोरीचा जीव भांड्यात पडला. तेव्हापासून 'ठेवते' हा शब्द कानावर आला की तिला तसंच व्हायचं. आणि 'पुढचं पुढे' हेही ती विसरली नाही, म्हणून कुठल्याही घरात ती दाराजवळच निजायची.

शाळा तिसरीत सुटली, वाचणं जमायच्या आतच. मामीकडून मावशीकडे, मावशीकडून भावाकडे, असं चाललं. एका जागी बूड टेकत नाही, सारखी आत-बाहेर, वर-खाली, म्हणून मामीने नाव ठेवलं भिंगरी. तेच चिकटलं. पुढे लग्न झालं. नवरा ट्रक चालवायचा, म्हणजे तो तिच्याहून भिंगरी. एका खेपेला गेला तो परत आलाच नाही. दुसऱ्या गावी दुसरा संसार मांडलाय असं कळलं. लोक म्हणाले, जा की शोधायला. ती म्हणाली, "चाकावरच्या माणसाला पायी कोण गाठणार?" आणि कामाला लागली.

काम म्हणजे आजारी माणसं सांभाळायची. त्यांच्याच घरी राहायचं. न्हाऊ घालायचं, भरवायचं, कूस बदलायची, पाठीला जखम होऊ द्यायची नाही. एक ब्यूरोवाली होती, ती फोन करून घरं द्यायची. आजारी माणूस बरा झाला तरी काम संपायचं आणि गेला तरी संपायचं. मग भिंगरी पिशवी उचलायची. अशी एकोणीस घरं झाली.

दोन घरांच्या मधले दिवस ती काढायची मोठ्या शहरातल्या एका स्वस्त हॉस्टेलात. ते होतं पाठीवर पोतं घेऊन देश बघणाऱ्या पोरापोरींचं. पण 'फक्त तरुणांसाठी' असं कुठे लिहिलेलं नव्हतं, आणि असतं तरी तिने ते वाचलं नसतं. बायकांच्या खोलीत सहा जणींचे दुमजली पलंग, प्रत्येकाला पडदा, भिंतीला लोखंडी कपाटं, कुलूप आपलं आपण आणायचं. खोलीला कायम ओल्या बुटांचा आणि शांपूचा वास. खाली सगळ्यांचं मिळून एक स्वयंपाकघर आणि एक लांबलचक टेबल. त्या टेबलाशी कोणीही कोणाच्याही शेजारी बसायचं, मिठाची डबी मागता मागता आख्खं आयुष्य सांगून मोकळं व्हायचं आणि दुसऱ्या दिवशी निघून जायचं. भिंगरीला ते फार पटायचं. ओळख झाली, आणि ती निभावायची काळजी नाही.

"मावशी, तुम्ही कुठे कुठे फिरलात?" वरच्या पलंगावरच्या पोरीने पहिल्याच दिवशी विचारलं. ही पोर सायकलवरून निघाली होती, मांड्या लोखंडासारख्या.

"मी घरं फिरले. एकोणीस."

"घरं? आणि शहरं?"

"शहरं खिडकीतून बघितली. पेशंट झोपला की."

हॉस्टेलचा एक नियम होता. सलग चौदा रात्री राहता येईल, पंधरावी नाही. कोणी तिथेच घर करून बसू नये म्हणून. आजवर भिंगरीला त्या नियमाशी घेणंदेणं नव्हतं, पाच-सहा दिवसांत ब्यूरोवालीचा फोन यायचाच. या खेपेला नववा दिवस उजाडला तरी फोन नाही. तिनेच लावला.

"मावशी, वय विचारतात हो आता," ब्यूरोवाली म्हणाली. "त्रेसष्ट म्हटलं की पुढे बोलत नाहीत."

"मग साठ सांग."

"गेल्या वर्षी साठच सांगितलं होतं."

"मग बरोबर आहे की. मी एका जागी थांबत नाही, पण वय थांबवलंय."

ब्यूरोवाली हसली. फोन बंद झाल्यावर भिंगरी मात्र हसली नाही. चौदा दिवसांत घर मिळालं नाही, तर जायला एकच जागा होती. वहिनीकडे.

आता वहिनी काही वाईट नव्हती. उलट तीच तर पंचाईत. भाऊ गेल्यापासून ती एकटी, दोन खोल्या, रिकामी खाट. दर फोनला म्हणायची, "ये गं, आता पुरे झालं. ये आणि बस." तेवढंच नको होतं भिंगरीला, ते बसणं. मागे चार दिवस राहिली होती. कप विसळायला घेतला की वहिनी हातातून काढून घ्यायची. "तू बस." झाडू घेतला की, "तू बस गं." चार दिवस ती खाटेवर बसली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिली. काटासुद्धा फिरत होता, ही बसलेली. चौथ्या दिवशी तिला वाटलं, इथे राहिले तर मी बसल्या बसल्या मरेन आणि वहिनीला संध्याकाळपर्यंत कळायचं नाही. आता एकदा का वहिनीकडे कायमची गेली, की ब्यूरोवाली यादीतून नाव काढणार, आणि मग उरली नुसती खाट.

म्हणून ती हॉस्टेलात येरझाऱ्या घालू लागली. पहाटे उठून टेबल पुसायची. कोणाकोणाचे कप विसळायची. जिना दिवसातून वीसदा. फोन एका हातात, आंघोळीला गेली तर खिडकीच्या कठड्यावर.

"मावशी, तुम्ही पाहुण्या आहात इथे," काउंटरवरची म्हणायची. ही आखूड केसांची, सगळ्यांवर ओरडणारी आणि सगळ्यांना उशा जास्तीच्या देणारी.

"का, पाहुण्याला हात नसतात?"

फ्रिजमध्ये वस्तू ठेवायची तर तिच्यावर नाव आणि निघायची तारीख लिहून चिकटवायची, असा आणखी एक नियम. भिंगरी दुधाच्या बाटलीवर नुसतं एक भिंगरीचं चित्र काढायची. तारखेची जागा कोरी.

तेराव्या दिवशी सकाळी फोन आला. ब्यूरोवालीने आदल्या दिवशी एका घराचा पत्ता चिठ्ठीवर लिहून दिला होता, तिथली सून बोलत होती. आणि नेमकी नाश्त्याची वेळ. टेबलाशी दहा जण, कोणी अंडी फेटतंय, पाव भाजायच्या यंत्रातून धूर निघतोय, सायकलवाली ब्लेंडरमध्ये काहीतरी हिरवं दळतेय. भिंगरीने एका कानात बोट घातलं.

"सासूबाई अंथरुणाला खिळल्यात," सून म्हणाली. "आणि तिसरा मजला आहे, लिफ्ट नाही."

"जिने माझ्या पायाखालचेच आहेत."

"हट्टी आहेत हं फार."

"हट्टी माणसं टिकतात, ताई. गरीब स्वभावाची पटकन जातात."

सून हसली. भिंगरीला वाटलं, जमलं. तिकडे सून पुढे बोलत होती, इकडे ब्लेंडर फिरत होता. "...दोघीतिघींशी बोलायचंय... मग कळव..." घर्रर्र. "...अहो, गॅसवर आहे माझं... बरं, ठेवते हं. ठेवते मी."

भिंगरीने कानातलं बोट काढलं. चेहरा असा की सायकलवालीने ब्लेंडर बंद केला.

"काय झालं, मावशी?"

"ठेवते म्हणाली! दोनदा म्हणाली!"

टेबलाशी एकच गलका झाला. ज्यांना काही समजलं नव्हतं तेही टाळ्या वाजवत होते. सायकलवालीने ते हिरवं काहीतरी तिला पेलाभर पाजलं, आणि ते कसं लागलं हे भिंगरीने आयुष्यभर कोणाला सांगितलं नाही. तिने वहिनीला फोन केला, "घर मिळालं हं. माझी वाट बघू नको." वहिनी म्हणाली, "बरं," आणि गप्प झाली. ते गप्प होणं भिंगरीला ऐकूच आलं नाही. आनंदाला कान नसतात.

कधी यायचं ते सुनेने सांगितलं नव्हतं. पण आजारी माणसाला ताटकळत ठेवू नये, हा भिंगरीचा कायदा. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. चौदाव्या दिवशी सकाळी तिने पलंग सोडला, चादर घडी करून काउंटरवर दिली, आणि पिशवी घेऊन निघाली. तिच्या मागे दारात सात-आठ जण उभे, हात हलवताहेत, जशी काही ती समुद्रापार चाललीय.

तिसऱ्या मजल्यावर सुनेने दार उघडलं. हातात ओला टॉवेल.

"कोण हवंय?"

"मी. काल फोन झाला ना आपला. तुम्ही ठेवते म्हणालात."

सून बघत राहिली. मग तिने कपाळाला हात लावला.

"अहो मावशी, फोन! फोन ठेवते म्हटलं मी!"

भिंगरी दारात उभी राहिली. आयुष्यात पहिल्यांदा तिचे पाय नुसतेच उभे होते. फोन ठेवतात, हे काय तिला ठाऊक नव्हतं? रोज दहादा ती स्वतः तेच म्हणत होती. पण ज्याला जे हवं तेच त्याला ऐकू येतं.

"आज सकाळीच एक मुलगी आलीय कामाला," सून म्हणाली. "फार वाईट वाटतंय हो. चहा तरी..."

तेवढ्यात आतून किंचाळी आली. सून आत धावली. भिंगरीने पिशवी उंबऱ्यावर टाकली आणि तिच्यामागे गेली, कारण किंचाळी कसली आहे ते तिला बरोबर कळलं होतं. खोलीत नवी मुलगी, विशीची असेल, म्हातारीला काखेत हात घालून वर ओढत होती.

"सोड. सोड आधी," भिंगरी म्हणाली. "ओढायला दुधाचा कॅन आहे का तो? चादर आण एक. आडवी घडी घाल. ही कमरेखालून सरकवायची, अशी. आता माणसाला नाही ओढायचं, चादरीला ओढायचं. गुडघे वाकव, तुझी पाठ काय फुकट आलीय? तू तिकडून, मी इकडून. आजी, श्वास सोडा. एक, दोन, हं."

म्हातारी उशीवर अलगद आली, जशी परातीत कणीक सरकते. कुठे हूं नाही की चूं नाही. तिने डोळे उघडले.

"ही कोण?"

"मी चुकून आलेय, आजी."

"चुकून आलेली बरी आहे," म्हातारी सुनेला म्हणाली. "ठरवून आणलेली मोडून टाकेल मला."

नवी मुलगी रडवेली झाली. सून म्हणाली, "आई, दोघींना ठेवायला हे घर आहे की धर्मशाळा?" ते खरंच होतं. भिंगरीने मुलीच्या पाठीवर थाप मारली, हात धुतले, आणि चहा न घेता जिना उतरली. चढताना तिने पायऱ्या मोजल्या नव्हत्या. उतरताना मोजल्या, चौपन्न निघाल्या.

हॉस्टेलात तिच्या पलंगावर दुसरीचं पोतं आलं होतं. काउंटरवरचीने तिचं तोंड बघितलं आणि वही पुढे ओढली.

"चौदावी रात्र अजून आहे तुमची, मावशी. पण खालचा गेला. वरचा आहे फक्त."

"शिडी आहे ना?"

त्रेसष्टाव्या वर्षी ती शिडी चढली. वर नीट बसताही येत नव्हतं, छत नाकाला लागत होतं. ती आडवी पडून त्याच्याकडे बघत राहिली. पाय मात्र चादरीखाली हलत होते, कुत्रं झोपेत धावतं तसे. संध्याकाळी टेबलाशी कोणी विचारायच्या आत तिनेच सगळं सांगून टाकलं, नकलेसकट. "फोन ठेवते म्हणाली हो, मला नाही!" लोक हसून हसून टेबलावर पडले. सायकलवाली तेवढी हसली नाही. ब्लेंडर तिचा होता.

दुसऱ्या दिवशी निघायचंच होतं. पिशवी भरलेली. वहिनीला फोन लावायचा म्हणून चारदा बाहेर गेली, चारदा आत आली. पाचव्यांदा बाहेर गेली तर फोनच वाजला. नवी मुलगी.

"मावशी, ती चादर कशी सरकवायची? माझ्याने कालपासून एकदाही जमलं नाही. आजी म्हणतात, चुकून आलेलीला बोलवा."

"आणि सूनबाई?"

"त्या म्हणतात, रोज सकाळी तेवढं यायचं. आंघोळ आणि कूस. राहायला नाही."

राहायला नाही. म्हणजे जायचं आणि यायचं. भिंगरीने हो म्हटलं, आणि मगच तिच्या लक्षात आलं की यायचं कुठे हा प्रश्न आहे तिथेच आहे. शहाण्या माणसाने वहिनीकडे राहून रोज सकाळी कामाला जावं. वहिनी हेच म्हणणार. आणि महिन्याभरात म्हणणार, "कशाला जातेस गं या वयात, तू बस." आणि तिच्या प्रेमापुढे कोणाचं काय चालणार?

ती काउंटरपाशी गेली.

"तो नियम परत सांग बरं."

"चौदा रात्री, मावशी. पंधरावी बाहेर."

"आणि सोळावी?"

काउंटरवरचीने वही उघडली, मिटली. "सोळावीचं काही लिहिलेलं नाही. सोळावी म्हणजे परत पहिलीच."

"बाहेर फक्त एकच रात्र?"

"एकच."

भिंगरीने तिथेच उभ्या उभ्या फोन लावला. "वहिनी, मी येतेय आज. एका रात्रीपुरती."

"एका रात्रीपुरतं कोण येतं?" वहिनी कडाडली. "चोर!"

"मग कुलपं तपासून ठेव. पंधरा दिवसांनी परत येणार आहे."

वहिनी चिडली, रडली, दोन दिवस बोलणार नाही म्हणाली आणि संध्याकाळी तिच्यासाठी सूप करून बसली.

असं तीन वर्षं चाललं. चौदा रात्री हॉस्टेलात, एक वहिनीकडे. ती हट्टी म्हातारी भिंगरीच्या अंदाजाप्रमाणे टिकली, तिच्या पाठीला भिंगरीने एकही जखम होऊ दिली नाही. नवी मुलगी नवी राहिली नाही, आता तीच दुसऱ्या मुलींना "तुझी पाठ काय फुकट आलीय?" म्हणते. सायकलवाली कुठल्या कुठे पोचली, एकदा चिठ्ठी आली, ती टेबलाशी तिघांनी मिळून वाचून दाखवली. खालचा, दाराजवळचा पलंग परत मिळाला. भिंगरी पत्ते शिकली आणि लबाडी तर आधीपासून येतच होती.

ती गेली ती वहिनीकडे, झोपेतच. वहिनी अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवते, "चौदा रात्री तिकडे काढायची, आणि जायला नेमकी माझी रात्र सापडली बाईला." म्हणते आणि पदर डोळ्याला लावते.

त्या दिवशी तिने सकाळी म्हातारीला न्हाऊ घातलं, कूस बदलली, दुपारी हॉस्टेलातून पिशवी उचलली. वहिनीच्या कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात थांबली. वहिनीला जिना जमेनासा झाल्यापासून तिच्या रक्तदाबाच्या गोळ्या भिंगरीच आणायची.

"पांढऱ्या की गुलाबी, मावशी?" दुकानदाराने विचारलं.

"गेल्या वेळी कुठल्या दिल्यास?"

"गुलाबी."

"वहिनी त्यांना शिव्या देत होती. म्हणजे लागू पडल्या. त्याच दे."

तिने पाकीट उजेडात धरलं, त्याच्याकडून मुदतीची तारीख दोनदा वाचून घेतली, दुसऱ्यांदा वर्षासकट. मग दोन जिने चढून वहिनीची बेल वाजवली.

"उशीर केलास," वहिनी म्हणाली.

"घड्याळ तुझ्याकडे आहे. मी अंदाजाने येते."

तिने पेल्यात पाणी ओतलं, पाकिटातून एक गोळी काढून वहिनीच्या तळहातावर ठेवली आणि समोर उभी राहिली. वहिनी गोळ्या गालात लपवते, हे तिला ठाऊक होतं.

"गिळलीस? तोंड उघड."

वहिनीने तोंड उघडून दाखवलं. भिंगरीने पेला विसळला आणि ओट्यावर उपडा घातला.